तडकला शाई मी लावते

“तुमची लाइन हल्ली जड पडते, मावशी!”

“जड पडते? अरे मेल्या, ही पोरगी रांगत होती तेव्हापासून मी ब्रश धरतेय!”

“म्हणूनच म्हणतो, शेवटचं पान सायलीचंच राहू दे. तुम्ही जरा आराम करा.”

“आराम तुझ्या सासूला सांग!”

हे भांडण आमच्या कांदिवलीच्या ऑफिसात, भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून. ऑफिस म्हणजे चिकनच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि माणसं तीन. प्रकाश हा मालक, लेखक आणि संपादक. सायली पेन्सिलीने चित्रं काढते. मी त्यांच्यावर शाई चढवते. तिघंही एकमेकांवर जळणारी! असल्या ठिकाणी किस्से साचायला वेळ लागत नाही, रोज झाडून काढले तरी कोपऱ्यात उरतातच. भांडण कसं मिटलं ते सांगते, पण आधी कोपरे झाडू दे.

आम्ही कॉमिक काढतो. हिरोचं नाव तडक. बोरिवलीचा पोरगा, विजेसारखा धावतो, आणि गर्व एवढा की बरोबरच्या तिघांना म्हणतो, “माझ्या मागून या, जमलं तर!” मालिका संपेपर्यंत त्याला कळायचं असतं की एकट्याने भागत नाही. ही शिकवण जगाला द्यायला आम्ही तिघं बसलोय, हाच पहिला विनोद.

* * *

सायली आली त्या दिवशीच माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? मी आर्ट स्कूलची पायरीसुद्धा चढले नाही. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवल्या, रद्दीतली चित्रं गिरवून गिरवून हात बसवला. आणि ही बया आली, बॅग खाली ठेवली, आणि चहा येईपर्यंत तडकची उडी काढून मोकळी! एका दमात. खोडरबराला हात नाही.

प्रकाश म्हणाला, “बघा मावशी, झकास ना?”

मी म्हटलं, “डावा पाय बारीक झालाय.”

दुसऱ्या दिवशी तिने पाय जाड करून आणला. तडकला हत्तीरोग झाल्यासारखं दिसत होतं.

प्रकाश ओरडला, “हे कुणी करायला सांगितलं?”

सायलीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. शेवटी पाय परत बारीक झाला आणि तसाच छापला. पण मी आजही म्हणते, बारीकच होता!

* * *

प्रकाशचं दुखणं वेगळं. चित्रांची तारीफ झाली की त्याला वाटतं, माझ्या लिखाणाला कोणी विचारत नाही. मग तो तडकच्या तोंडी लांबलचक भाषणं घालतो. संवादाचे फुगे तोच बसवतो. भाषण लांब म्हणजे फुगा मोठा, आणि मोठा फुगा पडतो कुठे? बरोबरच्या तिघांच्या तोंडावर!

त्या तिघांत एक जया आहे, भिंतीतून आरपार जाते. सायलीने तिचे डोळे काय सुंदर काढले होते. मी पापणी न् पापणी शाईने ओढली होती. तीन अंक झाले तरी वाचकांनी त्या पोरीचं तोंड बघितलं नव्हतं. फुग्याखालून नुसती हनुवटी!

एका वाचकाने विचारलं, “जयाचा चेहरा सस्पेन्स ठेवलाय का?”

प्रकाश गंभीर होऊन म्हणाला, “तडक गर्विष्ठ आहे ना. त्याचं बोलणंच इतरांना झाकून टाकतं. ते मुद्दाम आहे.”

सायली आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींकडे बघून हसलो. लगेच आवरलं, सवय लागायला नको!

* * *

आमच्यात एक नियम होता. शाईची पानं वाटून घ्यायची. काही मी हाताने शाई लावून करायची, काही सायलीने टॅबवर. सातवं माझं, आठवं तिचं.

सातव्यात सगळी टोळी तडकला सोडून जाते. दमदार पान! सायलीला वाटलं, मावशी याची वाट लावणार. तिने घरी बसून गुपचूप टॅबवर सातवं करून टाकलं. म्हणे, प्रकाशसरांना दाखवू, कोणाचं सरस ते. माझ्या मनात पाप नव्हतं, मी आपलं माझं सातवं केलं. पण ते एवढं मनावर घेतलं की ब्रश बदलून तेच पान पुन्हा एकदा केलं!

छपाईच्या दिवशी प्रकाशपुढे तीन सातवी पानं, आणि आठव्याचा पत्ता नाही.

तो खुर्चीत बसला. कपाळाला हात लावला. म्हणाला, “टोळी एकदाच सोडून जाते हो. तुम्ही तीनदा घालवलीत!”

* * *

मुलुंडला कॉमिकवाल्यांची जत्रा भरली होती. प्रकाशने टेबल घेतलं. सायलीपुढे सह्यांसाठी पोरांची ही रांग! मी बाजूच्या खुर्चीवर, नवं लुगडं नेसून. कोणी बघेना. बघितलं तर कशाला, एक बाई म्हणाली, “आजी, जरा पिशवी ठेवू का?” तिचं बघून दुसरीने ठेवली. थोड्या वेळाने माझ्या पायाशी बाजार भरला!

शेवटी एका चष्मेवाल्या पोरीने विचारलं, “तुम्ही काय करता इथे?”

मी म्हटलं, “तडक धावतो ना, त्याच्या घामाचा थेंब न् थेंब मी काढते.”

ती म्हणाली, “मग माझ्या अंकावर एक काढा ना!”

काढला. ब्रशने, टपोरा, खाली निथळणारा, आत उजेडाची टिकली ठेवून. तिने तो मैत्रिणीला दाखवला. झालं! रांग वळली की माझ्याकडे! सायलीने सही करून तडकचं तोंड काढायचं आणि पोरांनी ते घेऊन घामासाठी माझ्याकडे यायचं.

तासाभराने सायलीचा आवाज चढला. “मावशी, बास ना! माझा तडक तापाने फणफणल्यासारखा दिसतोय!”

कानाला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

* * *

एकदा सुनेने घरी अंक उघडला आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

“काय झालं गं?”

“आई, हा तडक अगदी तुमच्यासारखा बघतो! मान वर, नाक फुगलेलं, समोरचा म्हणजे कचरा!”

दुसऱ्या दिवशी मी सायलीला धरलं. “खरं सांग, त्याचा तोरा कुठून आणलास?”

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, “मावशी, मी पान तुमच्या हातात दिलं ना, की तुम्ही आधी अशा बघता. ते बघून काढते.”

प्रकाश घाबरला. त्याला वाटलं, आता शाईची बाटली उडणार.

मी म्हटलं, “मग हिरो मी आहे म्हणायची! कव्हरवर माझं नाव वर घाल.”

* * *

आता ते भांडण.

शेवटच्या अंकाचं शेवटचं पान. पुलाचा स्लॅब कोसळलाय, खाली माणसं अडकलीत. तडक नेहमीसारखा एकटाच पुढे धावलाय, स्लॅबला खांदा लावलाय, आणि स्लॅब जागचा हलत नाही. जन्मात पहिल्यांदा तो मागे वळून तिघांना हाक मारतो आणि चौघं मिळून उचलतात. पानभर एकच चित्र. अख्ख्या मालिकेत लोक हेच पान लक्षात ठेवणार, आणि ते प्रकाशने मला न विचारता सायलीला दिलं होतं. टॅबवर, शाईसकट!

“पहिल्या अंकापासून पानं मी घासली, आणि कळस हिने चढवायचा?” मी म्हटलं.

“मावशी, एकदा बघा तरी.” प्रकाशने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

मी बघितलं. चुका काढायलाच बघितलं. केसासारखी बारीक रेघ, कुठे डाग नाही, धूळसुद्धा कशी स्वच्छ! एक चूक सापडेना.

“बोला ना, काय कमी आहे यात?”

“मी कमी आहे!”

“हा हट्ट झाला, मावशी. तुमचा ब्रश लागला की सगळं दगडासारखं जड होतं. लोकांना हल्ली हलकंफुलकं लागतं.”

“मग कॉमिक बंद कर आणि कुरमुरे वीक!”

सायली इतका वेळ पेनचं टोक चावत स्क्रीनकडे बघत बसली होती. मग उठली. भिंतीवर माझं एक जुनं पान लावलंय, कोसळणाऱ्या टाकीचं, जाडजूड रेघांचं, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिचे डोळे बघितले मी. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. सायली आली त्या दिवसापासून माझ्याच डोळ्यांत आहे ना!

परत आली, टॅब पालथा घातला, आणि चिडून म्हणाली,

“सर, माझा हा स्लॅब तडक एकटाच उचलेल.”