झाडण्याचं मशीन

कात्रजला आमच्या रस्त्यावर रोज सकाळी महापालिकेच्या एक बाई झाडायला यायच्या. झाडायच्याही नीट. पण शेजारच्या रस्त्यावर झाडण्याचं मशीन फिरायला लागलं आणि आमच्या सोसायटीला तेच हवंसं झालं. आम्ही काय कर भरत नाही का, असं बैठकीत सगळेच म्हणाले. मीही म्हणालो.

मशीन मिळालं. एका रस्त्यावर दोन खर्च बसत नाहीत, म्हणून बाईंना दुसरीकडे पाठवलं. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, त्यामुळे मशीन कुठे थांबत नाही. कचरा साठतो कडेला, आणि कडेला ओळीने आमच्या गाड्या. मशीन आपलं मधूनच निघून जातं.

आम्ही तावातावाने क्षेत्रीय कार्यालयात गेलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, "आपण सकाळी तासभर गाड्या हलवाल का?"

"आणि लावायच्या कुठे?" आमचे अध्यक्ष म्हणाले.

"मग आम्ही झाडायचं कुठे?"

आम्ही चहाही न घेता परतलो. गाड्या कोणी हलवल्या नाहीत. कडेला पानं कुजतात. मधला पट्टा मात्र इतका लख्ख असतो, की हल्ली लोक तिथेही गाड्या लावतात.