लाथमावशीचा डावा पाय

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने तरुणपणी एका बाईच्या लाथा खाल्ल्या आहेत. त्याही उंबऱ्यावर पालथं पडून, हात जोडून, चारचौघांच्या साक्षीने. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. पिंपळगाव राजात ज्यानं लाथमावशीची लाथ खाल्ली नाही, त्याला कंबरच नाही असं खुशाल समजावं.

मावशी पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेतली चमक जाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दुखणेकरी उंबऱ्यावर पालथा पडे आणि मावशी त्याच्या कंबरेला तीनदा डावा पाय लावी. लाथ कसली, मांजरानं पाऊल ठेवावं तशी! मग उठून चालू लागायचं आणि गल्ली संपेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं की चमक परत येते. कुणी नारळ आणला तर ती खवळायची. "मी काय केलं त्याच्यात? कळा माह्या मायनं सोसल्या. तिले नेऊन दे." तिची माय जाऊन तीस वर्षं झाली होती.

एकदा फौजदारसाहेब पालथे पडले. अंग लाकडासारखं ताठ. मावशी म्हणाली, "आंग सैल सोडा सायेब, मी काही तुमाले पकडून नाही नेत!"

तिची स्वतःची कंबर मात्र कधीचीच गेली होती. मेथी-पालकाच्या वाफ्यात जन्म वाकून काढलेला. लाथ मारून झाली की ती चौकट धरून डोळे मिटायची. मी विचारलं, "दुखते काय वो मावशी?"

"चूप बे! वैद्याचीच कंबर दुखते हे समजलं तं लोक देऊळघाटच्या पायाळूकडं जातीन."

साऱ्या गावाला तिचा पाय होता, पण तो तिच्या कंबरेपर्यंत पोचत नव्हता.

शेवटी ती खाटेवरून उठेना, तेव्हा काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी पाठ उघडली, खुब्याच्या हाडाचा तुकडा काढून कण्यात बसवला आणि दोन मणके एकमेकांना जोडले. कित्येक महिने ती काखेपासून मांडीपर्यंत प्लास्टरात होती. प्लास्टर निघालं आणि मावशी सरळ उभी राहिली. ती एवढी उंच आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. "कोनी मारू नोका मले लाथ," ती म्हणायची, "नागपूरले खाऊन आली!"

डॉक्टरांनी बजावलं होतं: वर्षभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, एका पायावर भार द्यायचा नाही, जोड अजून कच्चा आहे. काकांनी उंबऱ्यावर आडवी खाटच टाकून ठेवली. दवाखाना बंद.

गणपतीत आमचं नाटक होतं. मी राजा. पुठ्ठ्याची गदा फार जड आहे असा अभिनय करताना माझी कंबर खरोखर धरली. प्रयोग दुसऱ्या दिवशी. काका मळ्यात गेलेले पाहून मी वाकडातिकडा मावशीच्या दारी पोचलो.

"एकच वेळ, मावशी."

"डाक्टर मारन मले."

"त्याले कोन सांगून राह्यलं?" मी म्हणालो, आणि असा काही रडलो की नाटकात तसं कधी जमलं नाही.

ती हसली. "सार खाट तिकडं. पड."

तीनदा पाय लागला. तिसऱ्यांदा जरा थरथरला. मी उठलो आणि चालू लागलो. ताठ, राजासारखा.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण विस्तारानं मला सांगता येत नाही. जोड सुटला. नागपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा पाठ उघडायला नकार दिला. मावशी परत उभी राहिली नाही, आणि तिसऱ्या वर्षी गेली. काका मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. तेही मला अजून सोसत नाही.

त्या दिवशी मी दहा-बारा पावलं गेलो असेन. मागे काहीतरी धप्पकन पडलं. मी गर्रकन वळलो. मावशी उंबऱ्यावर आडवी होती, चेहरा चुन्यासारखा पांढरा. माझ्याकडे पाहून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ती ओरडली,

"मांगं पाहू नोको बे! चमक परत येईन तुयी!"