कुंड्यांसकट पुरलेली बाग

कंडक्टरबाईंनी उभी हयात बसमध्ये माणसं रेटली, पण स्वतःच्या अंगणात कधी एक रोप लावलं नाही. वेळ होता कुणाला? नोकरी संपली, नवरा गेला, आणि लांबच्या शहरात एकट्या लेकीला जुळी झाली. मग बाईंनी ठरवलं, घर विकायचं आणि तिच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या. पण घर बघायला येणारे फाटकातूनच परत फिरत.

"बाई, लोक आत तर आले पाहिजेत! समोर नुसता उकिरडा," एजंट म्हणाला.

"उकिरडा असेल तुझ्या घरी!" बाई कडाडल्या.

तो गेल्यावर मात्र त्या रस्त्यावर जाऊन परक्यासारख्या उभ्या राहिल्या. फुटकं पिंप, कमरेएवढं तण, मोडकं कुंपण. मेला खरं तेच बोलला होता. राग त्याचाच जास्त आला.

पदर खोचून त्या भिडल्या. तण उपटलं, कुंपण ठोकलं, वाटेच्या कडेनं विटा लावल्या. माती स्वच्छ झाली, पण उघडीबोडकी. आणि रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं.

भिंतीवरून शेजारची शिंपीण बघत होती. सांडपाण्यावरून दोघींचं बोलणं बंद झाल्याला वर्षं लोटली होती.

"टक्कल विंचरून काय उपयोग, कंडक्टरबाई?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला कशाला काय करायचंय! माझ्या कुंड्या न्या. काठापर्यंत पुरा मातीत. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

बाईंच्या ओठांवर नकार आला होता. पण सकाळीच फोनवर लेकीच्या आवाजामागे दोन्ही पोरं एकदम रडत होती. त्यांनी मुकाट्यानं कुंड्या उचलल्या.

रविवारी नवरा-बायको आले. बायको थेट आत येऊन गुलाबावर वाकली.

"ही झाडं घराबरोबर मिळणार ना?"

"हो तर! सगळी!" एजंट म्हणाला.

बाईंचं डोकं फिरलं. बिनतिकिटाचा माणूस त्यांनी कधी पुढच्या थांब्यापर्यंत नेला नव्हता.

"काही मिळणार नाहीत!" त्यांनी गुलाब कुंडीसकट उपसून वर काढला. "उसन्या आहेत. शेजारणीच्या."

एजंटनं कपाळाला हात लावला. बायकोनं आधी खड्डा पाहिला, मग भिंतीआड बुडी मारणारं डोकं.

"तुम्ही दिल्यात?"

शिंपीण हळूच वर आली. "दिल्यात म्हणजे... परत घेणार आहे."

"मला फांद्या द्याल? मी लावेन."

"वाट्टेल तेवढ्या! फक्त सांडपाणी माझ्या भिंतीला नको."

बायकोला हसू फुटलं. "अहो, चला, आत बघू या," ती नवऱ्याला म्हणाली. "शेजार तर बरा दिसतोय."

आत खिडक्या उघडल्याचे आवाज आले. "अहो, इथे बघा, किती ऊन येतंय!" बराच वेळ दोघं बाहेर आली नाहीत. आली ती व्यवहाराचं विचारतच.

ते गेल्यावर शिंपिणीनं भिंतीवरून हात पुढे केला. "आणा ती कुंडी."

बाईंनी कुंडी कडेवरून खाली ठेवलीच नाही. माती लुगड्याला लागली होती.

"ही मला द्या," त्या म्हणाल्या. "लेकीकडे नेते." आणि जरा थांबून, भांडल्यासारख्याच, "पाणी किती घालायचं ते सांगा."