खचणाऱ्या जमिनीचा हेवा

मला त्या माणसाचा हेवा वाटायचा आणि तो का, हे मी चारचौघांत सांगायला कधी लाजलो नाही. त्याचं अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं. मे महिन्यात दिवसभर सोलापूरच्या माळावर काम करून आला तरी त्याच्या टोपीला घामाचा डाग नसायचा. साहेबाशी तो इंग्रजीत घडाघडा बोलायचा आणि माझी गाडी ‘येस सर’च्या पुढे सरकत नसे. सर्व्हेच्या कचेरीत आम्ही दोघंही एकाच हुद्द्यावर, लेव्हलर म्हणून होतो. तिपाईवर दुर्बीण मांडायची, तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्यावर आणायचा, समोर उभ्या धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि जमीन कुठे किती चढली, किती उतरली ते लिहीत पुढे जायचं, असं आमचं काम. एकाने रस्त्याच्या या टोकाकडून सुरुवात करायची, दुसऱ्याने त्या टोकाकडून. दोघांचे आकडे जुळले की काम खरं. म्हणजे माझं काम खरं की खोटं, हे सदा त्याच्या कामावरून ठरायचं. माणसाला छळायची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही.

शहरात मार्शल लॉ लागला त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. आमच्या साहेबाची पूर्व आफ्रिकेत बदली व्हायची होती. त्याने आम्हाला दोघांना बोलावून नकाशा दाखवला. तिकडे म्हणे एक लांबच लांब दरी आहे. तिथे जमीन दोन्ही अंगांनी ओढली जाते आणि मधला पट्टा खाली बसतो. त्या दरीत ज्वालामुखी उभे आहेत, जमिनीच्या भेगांतून वाफ येते. साहेबाला दरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत खुणेचे दगड पुरायचे होते, त्यांची उंची मोजायची होती, आणि काही काळाने तेच दगड पुन्हा मोजून जमीन कुठे खचली, कुठे फुगली ते काढायचं होतं. त्यासाठी इथला एक लेव्हलर तो बरोबर नेणार होता. एकच.

“तुमच्या सोलापूरचा काळा दगडसुद्धा लाव्हाच आहे,” साहेब जाता जाता म्हणाला, “पण तो कधीच थंड झाला. इथली जमीन आता हलायची नाही.”

मला ते लागलं. आयुष्यभर मी न हलणारी जमीन मोजत आलो होतो. आमच्या धंद्यात एकाच दगडाची उंची दुसऱ्या वेळी वेगळी आली की साहेबाच्या शिव्या ठरलेल्या. आणि तिकडे वेगळा आकडा आला तर तोच खरा! तोच शोधायला तर जायचं! मला जायचं होतं. इतकं, की त्या माणसाचं नाव कचेरीत कुणी घेतलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“जावा की, कोण अडवतंय?” बायको म्हणाली. “पण जाईस्तवर हितं असं तोंड पाडून भाकरी खाऊ नका.”

साहेबाने आमची परीक्षा लावली. मोडनिंबकडच्या रस्त्याला जुने खुणेचे दगड होते, त्यांची उंची पूर्वीच्या लोकांनी मोजलेली होती आणि ते आकडे आम्हा दोघांनाही माहीत होते. तेच दगड पुन्हा मोजायचे, तो त्या टोकाकडून, मी या टोकाकडून.

वाटेत एका गावाबाहेर कडुलिंबाखाली असाच एक दगड होता. सरकारने खूण म्हणून पुरलेला, पण गावाने त्याचा देव केला होता. शेंदूर, तेल, पुढे फुटलेले नारळ. मी दुर्बीण उतरवताच गुरव धावत आला.

“चपला काडून या, सायेब. लई कडक द्येव हाय.”

मी चपला काढल्या, हात जोडले, नारळ ठेवला, मनात देवाची परवानगी मागितली आणि देवाच्या डोक्यावर पट्टी उभी करवली. दुर्बिणीत पाहिलं तर उंची जुन्या आकड्यापेक्षा दोन बोटं जास्त. बुडबुडा बघितला, मध्यावर होता. तिपाई उचलून दुसरीकडे मांडली. पुन्हा दोन बोटं जास्त. पुढच्या दगडापर्यंत जाऊन परत आलो, तरी तेच. मला घाम फुटला आणि मग आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. माझी जमीन वर आली होती! साहेबाने मेली म्हणून सांगितलेली आमची जमीन! मी आला तो आकडा जसाच्या तसा लिहिला.

तो दुसऱ्या बाजूने त्याच दगडावर आला तेव्हा त्याचा आकडा जुन्या आकड्याशी तंतोतंत जुळला.

साहेबाने दोन्ही आकडे बघितले, आम्हाला मोटारीत घातलं आणि थेट त्या कडुलिंबाखाली नेलं. देवाभोवती तो दोनदा फिरला. मग बाभळीचा एक लांब काटा तोडून आणवला आणि सरळ देवाच्या माथ्यात खुपसला.

“आरं आरं! द्येवाला टोचतायसा व्हय!” गुरव ओरडला.

काटा दोन बोटं आत गेला आणि खडकाला लागून थांबला. वर्षानुवर्षांचा शेंदूर होता तो, थरावर थर. साहेब इतका हसला की मोटारीला टेकून उभा राहिला. मी मात्र तिथेच गार पडलो. देव आणि शेंदूर वेगळे असतात हे जन्मात माझ्या मनात आलं नव्हतं. आमच्याकडे देवाची उंची म्हणजे शेंदरासकटची उंची. त्यातून शेंदूर वजा करायचं कुणाला सुचणार?

“तू हा थर आधीच मोजून वजा केलास ना?” साहेबाने त्याला विचारलं.

त्याने मान खाली घातली. साहेबाला तो विनय वाटला, त्याने त्याची पाठ थोपटली. गुरव पुटपुटत काट्याचं भोक ताज्या शेंदराने बुजवत होता.

तो निघाला त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. त्याच्या गळ्यात हार, त्याची बायको पदराने डोळे पुसतेय. मी त्याला सांगितलं, “या डब्यात मी असायला पाहिजे होतो.” त्याने माझ्याकडे पाहिलं आणि “हो,” म्हणाला. हा त्याचा मोठेपणा म्हणून मी आणखीच जळालो.

नंतरची वर्षं मी पाटाचे आणि रस्त्याचे चढ-उतार मोजत काढली. माझे आकडे जुन्या आकड्यांशी जुळले की लोकांना बरं वाटायचं, मला राग यायचा. मी इथे माळावर कुसळं काढत बसलोय आणि तो तिकडे वाफाळत्या जमिनीवर तिपाई मांडून उभा असेल, हे सारखं डोळ्यांपुढे यायचं.

मग तो अचानक परत आला. मुदत संपायच्या आधीच. वाळला होता, टोपी मळकी. कचेरीने त्याला परत घेतलं नव्हतं. माझ्या घरी येऊन बसला. बायकोने आम्हा दोघांना कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. तब्येत, प्रवास, काही न विचारता मी आधी विचारलं, “हलली का रे जमीन?”

“दुसऱ्या मोजणीला दरीच्या मधला दगड चार बोटं खाली आला,” तो म्हणाला. “तिपाई हलवून पुन्हा मोजला. तेच. मी घाबरलो. म्हटलं, आपलंच चुकतंय. जुना आकडा लिहून टाकला. पुढच्या दगडाला तसंच केलं.” भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, “त्या कडुलिंबाखाली मी कुठला थर मोजला होता? तिथेही दोन बोटं जास्तच आली होती. तिथेही जुनाच आकडा लिहिला.”

साहेबाने स्वतः फिरून मोजलं तेव्हा सगळं उघडं पडलं. निरोप देताना साहेब म्हणाला होता, शेंदूर मोजणाऱ्याला आणलं असतं तर बरं झालं असतं. हे सांगून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बायकोही बघत होती. आता तरी यांचा जीव थंड होईल, असं दोघांनाही वाटलं असावं.

“चार बोटं?” मी विचारलं. “बुडबुडा मध्यावर होता?”

“होता.”

“पट्टी सरळ होती?”

“होती रे.”

मी ताट बाजूला सारलं. जमीन या माणसाच्या डोळ्यांदेखत खचली होती. त्याच्या दुर्बिणीत येऊन तिने आपण होऊन सांगितलं होतं, आणि याने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पण त्याने ती बघितली होती. इतका हेवा मला त्याच्या जाण्याचाही वाटला नव्हता. तो समोर डोळे पुसत होता, त्याला आपल्या फजितीची लाज वाटत होती, आणि मला ती फजितीसुद्धा हवी होती.