सोलांजची पिवळी चिठ्ठी

सोलांज पेरीशोंबद्दल मी लिहावं हा खरं तर निर्लज्जपणाच आहे. पण तिची खरी हकिगत पहिल्यापासून माहीत असलेला मी एकटाच, तेव्हा दुसरं कोण लिहिणार?

मी एर्वे. पॅरिसच्या उत्तर टोकाला कालव्याकाठी आमच्या वाद्यवृंदाची तालीम चालते, त्यात मी अठ्ठावीस वर्षं व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा, खर्जातला भाऊ, वाजवला. तिसरा व्हायोला, म्हणजे ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं तो. व्हायोलावाल्यांवर विनोद करायची पद्धत सगळ्याच वाद्यवृंदांत आहे. आमच्याकडे ते काम ओबो वाजवणारा पास्काल करायचा, आणि आम्ही हसायचो, कारण न हसलं तर ते आणखी लागलेलं दिसतं.

सोलांज आमची नोटेशनं सांभाळायची. प्रत्येक वादकाची आपापली वही असते. ती वेळेवर आणायची, फाटलेली पानं चिकटवायची, मैफलीआधी स्टँडवर मांडायची आणि नंतर गोळा करायची, हे तिचं काम. सेंत-एतिएनच्या बाजूची, बाप फिती विणायच्या मागावर होता. स्वतःला एक ओळ सुरात गाता यायची नाही, आणि ते ती सगळ्यांना आनंदानं सांगायची. पण पेन्सिलीची खूण बघून ती कोणाची, हे ती झटक्यात ओळखायची. "ही पास्कालची. घाबरला की दाबून लिहितो," असं ती त्याच्यासमोरच म्हणायची, आणि पास्काल दिवसभर गप्प.

नव्या संगीताच्या वह्या प्रकाशकाकडून भाड्यानं येतात आणि कोऱ्या करूनच परत द्याव्या लागतात. म्हणून आम्ही खुणा फक्त पेन्सिलीनं करायच्या आणि सोलांजनं मैफलीनंतर त्या पुसायच्या. एकेका वहीत शेकडो खुणा. कुठे श्वास घ्यायचा, कुठे वर बघायचं, एकानं तर 'बायकोला फोन' असंही लिहिलेलं. एखादी खूण राहायला हवी असेल तर वादकानं त्या पानात पिवळी चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी असलेल्या पानाला सोलांज हात लावत नसे. ते पान ती जसंच्या तसं उतरवून घेई आणि प्रकाशकाला कळवी. बत्तीस वर्षांत तिच्या हातून एकही चिठ्ठी हरवली नव्हती. दुसऱ्या कशाचा नाही, पण या एका गोष्टीचा तिला गर्व होता.

आता ओझेलबद्दल. तो आमचा संस्थापक, रचनाकार आणि संचालक. समोर आम्ही त्याला मेत्र, म्हणजे गुरुजी म्हणायचो, पाठीमागे म्हातारा. तरुणपणी त्यानं अर्ध्या पॅरिसला जुनाट ठरवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला बहिरं. म्हातारपणी तो फार सभ्य झाला होता आणि त्याच पॅरिसनं त्याच्या नावाचं सभागृह बांधायला काढलं होतं. हातात छडी न घेता, नुसत्या बोटांनी तो तीस जणांना चालवायचा. त्याचे कान म्हणजे भयंकर प्रकरण. तिसांनी एकदम वाजवलं तरी कोणाचा स्वर केसभर उतरलाय हे त्याला कळायचं, आणि तो ते 'तुम्ही' म्हणून, हसत, सगळ्यांसमोर सांगायचा.

त्याची 'काठ' नावाची एक रचना होती. तिचा शेवट तो एकोणतीस वर्षं बदलत होता. त्या शेवटाआधी आठ मात्रा एकट्या व्हायोलाच्या होत्या, म्हणजे माझ्या. अठ्ठावीस वर्षांत मला एकट्याला मिळालेल्या त्या तेवढ्याच. माझी आई रोआनहून गाडी बदलून त्या आठ मात्रा ऐकायला आली होती.

२०१२ सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, आम्ही 'काठ' त्याच्यासोबत शेवटचं वाजवलं. तो तेव्हा शहाऐंशीचा होता. तालमीत त्यानं मला तीनदा थांबवलं होतं. "तिसरे व्हायोला, तुमचा फा थकलाय," तो म्हणाला, म्हणजे माझा तो स्वर उतरत होता, आणि पास्काल हसला. मैफल संपली, लोक गेले, मंडळी वाद्यं भरत होती. म्हातारा हळूहळू माझ्या स्टँडपाशी आला, माझीच पेन्सिल उचलली आणि उभ्यानं लिहू लागला. चांगली दहा मिनिटं. आधी त्यानं माझ्या आठ मात्रांवर एक तिरकी रेघ मारली. मग पानाखालच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्या, त्यावर बाण, त्यावर आकडे.

"शेवट इथे आहे," तो मला म्हणाला. "पुढच्या वेळी असं वाजवू. मादमुआझेलना सांगा, जपून ठेवायला."

सोलांज तेव्हा साठीला आली होती, पण म्हाताऱ्याला ती मादमुआझेलच, म्हणजे कुमारीच.

त्या तीन ओळी मी धड वाचल्यासुद्धा नाहीत. मला फक्त ती रेघ दिसत होती. माझा फा थकला म्हणून यानं माझ्या आठ मात्रा काढून घेतल्या, एवढंच माझ्या डोक्यात. पिवळ्या चिठ्ठ्यांची चळत स्टँडवर हाताशीच होती. मी वही मिटली, इतर वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवली आणि कोट घातला. पुढच्या वेळी छापील वही येईल, तिच्यात माझ्या मात्रा असतील, म्हातारा विसरलेला असेल, असा माझा हिशेब. इतका साधा, इतका हलकट हिशेब. दुसऱ्या दिवशी सोलांजनं नेहमीप्रमाणे सगळं पुसलं. पास्कालच्या वहीच्या सोळाव्या पानावर आली तेव्हा तिथल्या एका फाजील खुणेबद्दल तिनं मला फोन करून हसवलंही होतं. माझं पान तिनं त्यानंतर तासाभरात पुसलं असणार. मी फोनवर होतो, सांगू शकलो असतो.

पुढची वेळ आलीच नाही. म्हाताऱ्याची तब्येत ढासळली आणि चार वर्षांनी तो गेला. त्याच्या टेबलात प्रकाशकासाठी लिहून ठेवलेली, पण पोस्टात टाकायची राहिलेली एक ओळ सापडली: 'काठ'चा शेवट अखेर मिळाला, तिसऱ्या व्हायोलाच्या वहीत आहे.

मग आनाइस ब्रेझे आली. ओझेलच्या सगळ्या रचनांची शेवटची, पक्की आवृत्ती काढायचं काम तिच्याकडे होतं. तिनं प्रकाशकाच्या गोदामातून माझी वही मागवली. पान कोरं. आडवा उजेड पाडला की पेन्सिलीचे चर दिसत, पण वाचता काही येत नव्हतं. ती सोलांजच्या खोलीत बसली, मला बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, मी त्या पानात चिठ्ठी ठेवली होती का.

सोलांज माझ्याकडे बघत होती. संशयानं नव्हे, तेच तर आहे. काळजीनं बघत होती.

"ठेवली होती," मी म्हणालो.

"मग ती माझ्या हातून पडली," सोलांज लगेच म्हणाली. बत्तीस वर्षांत कधी न पडलेली चिठ्ठी तिनं एका क्षणात स्वतःच्या अंगावर घेतली, कारण मी खोटं बोलेन हे तिच्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं. त्या शेवटाचं काही आठवतं का, असं आनाइसनं मला विचारलं. मी नाही म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी चालू पगारावर रोज बघत होतो. सोलांजनं कपाटं रिकामी केली, रेडिएटर भिंतीपासून सोडवून मागे बघितलं. पास्कालनं नाताळात तिला रंगीत कागदात बांधून खोडरबर दिलं. सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले. सभागृहाला ओझेलचं नाव दिलं त्या दिवशी भाषणं झाल्यावर ती कोणी न सांगता उठली आणि दोनशे माणसांसमोर म्हणाली, "मेत्रचा शेवटचा शेवट माझ्या हातानं गेला. मी त्यांची आणि तुमची माफी मागते." आणि खाली बसली. लोक वाइनच्या टेबलाकडे वळले. निवृत्तीला वर्ष बाकी असताना तिनं नोकरी सोडली.

मी दोन-तीन महिन्यांनी तिच्याकडे जायचो, पॅरिसला लागूनच्या पांतांला, तिसऱ्या मजल्यावर. जाताना तिच्या गावाकडचं निळं चीज न्यायचो. चोराच्या मनात चांदणं. पण तिला वाटायचं, एर्वे तेवढा जुनं धरून आहे. शेजारणीला माझी ओळख करून देताना म्हणायची, "हा माझा चांगला मित्र." मी मान खाली घालून चीजचा कागद सोडत बसायचो.

२०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. ती मसूर शिजवत होती. बोलता बोलता म्हणाली की तिनं गाडी विकली. का, म्हणून विचारलं, तर म्हणे आता भरवसा नाही. बहिणीच्या नातीला बुधवारी सांभाळायची, तेही सोडलं. गॅस चालू राहिला आणि पोरीला काही झालं तर?

"तुला काय झालंय?" मी विचारलं.

"डोकं. कोणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "दोनदा मेंदूचे फोटो काढून घेतले. डॉक्टर म्हणतो, काही नाही. पण एर्वे, मला ती चिठ्ठी आठवतच नाही. पान आठवतं. त्यावर मेत्रचं अक्षर होतं, ते ओळखलं होतं. मी थांबलेसुद्धा. चिठ्ठी शोधली, दिसली नाही, म्हणून पुसलं. तू तर ठेवली होतीस. म्हणजे समोरची वस्तू मला दिसली नाही. तेव्हापासूनच सुरुवात झाली असणार, नाही का?"

मी तिच्या स्वयंपाकघरात उभा होतो. खिडकीत तिनं कांद्याची पात लावलेली होती. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही, खरं सांगतो, एक क्षण मनात आलं की आज गप्प बसावं, पुढच्या वेळी सांगू.

"मी चिठ्ठी ठेवली नव्हती," मी म्हणालो.

ती पातेल्यात चमचा फिरवत राहिली. मग गॅस बंद केला.

"परत म्हण."

"ठेवली नव्हती. त्यानं सांगितलं होतं, तरी मुद्दाम नाही ठेवली. माझ्या आठ मात्रा त्यानं कापल्या म्हणून. आणि आनाइससमोर खोटं बोललो."

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाली, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे." हे तिनं दोनदा म्हटलं, आणि मग ती रडायला लागली. मी खांद्यावर हात ठेवायला गेलो तर हात झटकला.

"सात वर्षं, त्यातली तीन खोट्याची," ती म्हणाली. "मी गाडी विकली रे. आणि तू चीज आणत होतास."

जाताना दारात तिनं मला सांगितलं: मी जिथे उभी राहून बोलले, तिथेच तू बोलायचं. घरात सांगितलेलं मी धरत नाही.

जूनमध्ये आनाइसची आवृत्ती त्याच सभागृहात प्रकाशित झाली. 'काठ'च्या जुन्याच शेवटाखाली बारीक टीप होती की शेवटचे बदल वाद्यवृंदाच्या ग्रंथालयाच्या, म्हणजे सोलांजच्या, निष्काळजीपणानं नष्ट झाले. भाषणं झाल्यावर मी उठलो. सोलांज चौथ्या रांगेत होती. मी सगळं सांगितलं: चिठ्ठी, आठ मात्रा, खोटं. शेवटी म्हणालो की सोलांज पेरीशोंच्या हातून काहीही पडलं नव्हतं.

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. आनाइस डोळे पुसत आली आणि पुढच्या छपाईत टीप बदलते म्हणाली. पास्कालनं मला मिठी मारली. "याला छाती लागते, गड्या," तो म्हणाला आणि माझ्या हातात वाइनचा पेला दिला. कोणी म्हणालं, ओझेलला तुझा अभिमान वाटला असता. माणसं खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याकडे येत होती, आणि त्यातली कित्येक सोलांजच्या पुढ्यातून, तिच्या गुडघ्यांना घासून आली. एकही तिच्यापाशी थांबलं नाही.

मी पेला ठेवून तिच्याकडे गेलो. तिनं कोट घातला होता, बटणं लावत होती. मी म्हणालो, "सोलांज, हे असं व्हायला नको होतं."

"तू बोललास, ते ऐकलं," ती म्हणाली. "टाळ्याही ऐकल्या. मी बोलून खाली बसले होते ना त्या दिवशी, तेव्हा माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या."

मला आठवत होतं. उजवीकडची माझी होती.