चाचांचं ‘बराबर’

माझा स्वभाव तापट, हे घरी कोणाला सांगावं लागत नाही. आम्ही दहा-बारा जण मिळून मराठी टाइप करायचं एक मोफत सॉफ्टवेअर चालवतो. कोणी पुण्यात, कोणी परदेशात, मी हिंगोलीत. पगार कोणालाच नाही, भांडणं मात्र भरपूर. एकदा गटावर प्रस्ताव आला: संगणकाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आवृत्ती काढणं आता थांबवू, ती कोण वापरतंय?

कोण वापरतंय म्हंजे? मी तिथंच तडकले. शिरड शहापूरचे लग्नपत्रिका छापणारे चाचा वापरतात! माझ्या लग्नाची पत्रिका त्यांचीच. त्यांचं छपाईचं मशीन त्या सिस्टीमशिवाय कोणाचंच ऐकत नाही. आमच्या आधीच्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची, दुरुस्ती नव्या आवृत्तीत होती. ती चाचांना मिळाली नाही, तर ‘श्री’ फुटलेली पत्रिका कोण घेईल? धंदाच बसेल की!

उत्तर आलं, "ठेवू. पण दर आवृत्ती त्या सिस्टीमवर तपासणार कोण? तपासणारा आहे तोवरच ठेवायची." बोलेल त्यानं करावं, आमच्या गावच्या बैठकीतही हेच चालतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं शिरड गाठलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमी बनवायचं अन् मी खोट काढायची? जमतंय की!"

तेव्हापासून दर आवृत्तीला चाचा एक लुटुपुटीची पत्रिका छापून तिचा फोटो गटावर टाकायचे. खाली एकच शब्द: बराबर. कधी ‘श्री लंगडून राहिला’. त्यांचं ‘बराबर’ आल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडेना. कोणती सिस्टीम कोण तपासतं, त्या यादीत जुन्या सिस्टीमपुढं मी ऐटीत लिहिलं: तपासणी, शिरड शहापूर.

यंदा दिवाळीनंतर ते मशीन कायमचं बंद पडलं. नवं आलं, सिस्टीमही नवी. चाचांनी स्वतःच गटावर लिहिलं, आता जुनीवर कोणी न्हाई, काढून टाका, माझ्यापायी लेकरांना काहून तकलीफ?

ती ओळ पुसायचं काम आलं माझ्यावर. जिच्यासाठी सगळ्यांशी भांडले, तीच ओळ. दोन दिवस मी नुसती टाळत राहिले. मग चाचांचा फोन.

"पुसली का, पोरी?"

"न्हाई."

"काहून?"

मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू?

"अगं येडे, कालपासून नव्या सिस्टीमवर तपासून राहिलो मी. तिच्याफुडं लिव शिरड शहापूर. अन् श्री तिथंबी लंगडून राहिला, तो बघ आधी!"