वाहतं पाणी आणि कॅनमधलं पाणी

सरकारी कचेरीत ज्याला काहीच येत नाही त्याला टपाल सांभाळायला देतात, आणि ज्याला काहीही न सांगता पानभर लिहिता येतं त्याला विधिमंडळाचे प्रश्न देतात. अंशतःरावांकडे प्रश्न होते. सभागृहात सदस्य सरकारला विचारत, 'अमुक घडले, हे खरे आहे काय?' आणि मंत्र्यांनी वाचायचं उत्तर अंशतःराव लिहून देत. खरं म्हटलं तर सरकार अडकतं, खोटं म्हटलं तर मंत्री अडकतो. म्हणून त्यांनी उभ्या नोकरीत एकच वाक्य घासूनपुसून लख्ख ठेवलं होतं: 'हे अंशतः खरे आहे.' पूल पडला? अंशतः. शाळेला छप्पर नाही? तेही अंशतः. 'होय, हे खरे आहे' हे शब्द त्यांच्या हातून कागदावर कधी उतरलेच नव्हते. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे त्यांना अंशतःराव म्हणत, आणि राग येण्याऐवजी त्यांना त्याचा अभिमानच वाटे.

घरीही तीच तऱ्हा. भाजी आळणी झाली का, असं बायकोनं विचारलं तर हे म्हणणार, तपासावं लागेल. शेवटी तिनं विचारणंच सोडून दिलं. आपल्या घरात किती शांतता आहे, असं अंशतःराव चारचौघांत सांगत.

त्यांची थोरली बहीण, ताई, गावाबाहेर ओढ्याकाठी लॉन्ड्री चालवायची. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल असं काम. नवरा गेल्यावर तिनं याच धंद्यावर मुलाला वाढवलं, आणि भावाचे सदरेही अजून हौसेनं तीच धुऊन, कडक इस्त्री करून पाठवायची. अलीकडे ते सदरे निळसर दिसू लागले होते. नीळ जरा बेतानं घालायला सांगा, असं सचिवांनी एकदा सुचवलं. ताई नीळ घालतच नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला औषधांचा कच्चा माल बनवणारा कारखाना होता आणि त्याचा पाइप थेट पाण्यात उघडत होता. रुग्णांना खाज सुटते म्हणून इस्पितळानं चादरी परत पाठवल्या, तेव्हा ताईनं तक्रार करायचं ठरवलं.

तक्रार करायची तर पर्यावरणाचं न्यायालय दूरच्या शहरात. तिथं अर्जासोबत पाण्याचा अहवाल लागे, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच लागे, आणि अशी एकुलती एक प्रयोगशाळा कारखान्याच्याच आवारात होती. दोघांचं कँटीनही एक. न्यायाचे दरवाजे सर्वांना उघडे आहेत असं सरकार म्हणतं ते काही खोटं नाही. दरवाजापर्यंतचा रस्ता तेवढा कारखान्यातून जातो.

तरी ताईचा मुलगा निघाला. विशी ओलांडलेला, सरळ डोक्याचा. सरळ डोकं हा आजकाल गुन्हाच. त्यानं ओढ्यातून पाच लिटरचा कॅन भरला, मोटारसायकलला बांधला आणि अहवाल नाही तर पाणीच दाखवतो म्हणत प्रदूषणाच्या कचेरीकडे सुटला. वाटेत नाकाबंदी होती. हवालदारानं झाकण उघडलं आणि त्याचे डोळेच चुरचुरले. तपासणीची पट्टी बुडवली तर ती जांभळी झाली, कारण कारखान्याच्या सांडपाण्यातल्या एका रसायनापासून नशेची पूडही बनते. पाण्यात ते होतं कणभर. पण अमली पदार्थांचा कायदा वजन करताना अख्खं मिश्रण धरतो, त्यामुळे पाच लिटर पाणीही कायद्याच्या लेखी तर्र झालं. धंद्यासाठीचा साठा, शिक्षा किमान दहा वर्षं. या कलमात सूट द्यायचा मला अधिकारच नाही, असं न्यायाधीशांनी आधीच सांगून टाकलं.

म्हणजे गंमत बघा. ओढ्यात होतं तोवर तेच पाणी पर्यावरण खात्याच्या मते मर्यादेत होतं. कॅनमध्ये शिरलं आणि गृहखात्याच्या मते विष झालं. रोज ते ओढाभर सोडणाऱ्याला साधी नोटीस नाही, आणि दाखवायला नेणारा पोरगा आत.

ताईच्या वकिलानं एक वाट काढली. हे पाणी ओढ्याचंच आहे एवढं सरकारनं सभागृहात कबूल केलं, की ते मी कोर्टापुढे ठेवतो. मग हा साठा राहत नाही, तक्रारीचा पुरावा ठरतो. ताई आपल्या भागाच्या सदस्यबाईंच्या ओसरीवर जाऊन बसली. बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी दोन प्रश्न टाकले, एक शिक्षांचा आणि एक ओढ्याचा. गृह आणि पर्यावरण दोन्ही खाती एकाच मंत्र्यांकडे होती, त्यामुळे दोन्ही प्रश्न येऊन पडले अंशतःरावांच्याच टेबलावर.

आरोपी आपला सख्खा भाचा आहे, हे त्यांनी कचेरीत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम काढून घेतलं असतं. लेखी उत्तरं त्यांनी नेहमीसारखीच केली, कारण त्यांवर वरपर्यंत सह्या लागतात. पण प्रश्नाच्या दिवशी सदस्य आयत्या वेळी उपप्रश्न विचारतात, तेव्हा मंत्र्यांच्या अगदी पाठीमागे अधिकाऱ्यांच्या बाकावर बसलेले अंशतःराव चिठ्ठी लिहितात आणि मंत्री ती जशीच्या तशी वाचतात. मधे कुणी नाही.

ताई त्यांना म्हणाली, "देवानंच तुझ्या हातात दिलंय बघ. नुसतं हो लिही. बाकी काही लिहू नकोस."

अंशतःराव बघतो म्हणाले, आणि या खेपेला मनापासून म्हणाले. भाच्याला त्यांनी खांद्यावर खेळवलं होतं. बाई काय विचारणार हे ताईकडून कळलं होतंच. त्यांनी घरी बसून चिठ्ठी लिहिली: 'होय, हे खरे आहे. दोन्हीकडचे पाणी एकच आहे.' चारदा खोडून पाचव्यांदा जमलं, कारण हाताला सवय नव्हती. ती चिठ्ठी निळसर सदऱ्याच्या खिशात घालून ते सभागृहात जाऊन बसले. ताई वर प्रेक्षकांच्या सज्जात होती, ठेवणीतले कपडे घालून.

चर्चा नेहमीसारखीच रंगली. एका सदस्यानं तरुण पिढी बिघडल्याबद्दल सिनेमाला धारेवर धरलं. दुसऱ्यानं शिक्षा दहाऐवजी वीस वर्षं करा म्हटलं आणि लगेच डुलकी काढली. तिसऱ्याला ओढ्यावर पूल हवा होता. मग बाई उठल्या. वर्गात फळ्यावर गणित मांडावं तशा शांतपणे त्या म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, माझा प्रश्न एका ओळीचा आहे. ओढ्यातलं पाणी आणि त्या मुलाच्या कॅनमधलं पाणी एकच आहे का? हो की नाही?"

मंत्र्यांनी मान न वळवता हात पाठीमागे केला. तो तळहात अंशतःरावांच्या नाकासमोर येऊन थांबला. शेजारी सचिव बसले होते. ते अंशतःरावांच्या हाताकडे बघत राहिले. खिशाकडे निघालेला तो हात मधेच वळला आणि समोरच्या पॅडवर टेकला. भीती होती, हे कबूल केलं पाहिजे. पण नुसती भीती नव्हती. एवढा अवघड प्रश्न फार दिवसांनी आला होता आणि त्याचं उत्तर, नको नको म्हणताना, त्यांना सुचलं होतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

मंत्र्यांनी वाचलं, "ओढ्यातील पाणी वाहते असून कॅनमधील पाणी स्थिर आहे. सबब दोहोंची तुलना करणे उचित ठरणार नाही."

क्षणभर कुणाला कळलं नाही, मग हशा पिकला आणि बाकं धडाधड वाजू लागली. विरोधकांतल्या दोघांनीसुद्धा वाजवली. बाई उभ्याच होत्या. वरच्या सज्जात ताईला शब्दांचा अर्थ लागला नाही, पण भावाची चिठ्ठी मंत्र्यांच्या हातात गेलेली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती आणि सगळे खूश झालेले दिसत होते. तीही उभी राहून टाळ्या वाजवू लागली. सज्जात टाळ्यांना मनाई असते, म्हणून मार्शलनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना ती हसत होती. सचिवांनी अंशतःरावांच्या पाठीवर थाप मारली. पाठीला घाम आला होता.

पुढच्या आठवड्यात कोर्टात निकाल होता. अंशतःराव रजा टाकून ताईशेजारी बसले. तिला काही सांगायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. ती विचारी तेव्हा ते वकील बघतील म्हणत. सरकारी वकील उठले आणि सभागृहाचं छापील कामकाज हातात धरून त्यांनी तेच वाक्य वाचलं, 'ओढ्यातील पाणी'पासून 'उचित ठरणार नाही'पर्यंत, शब्दन् शब्द. सरकारची भूमिका स्पष्ट आहे, असं म्हणून ते बसले. न्यायाधीशांनी खाली बघत दहा वर्षं सांगितली. भाच्यानं वळून आधी आईकडे आणि मग मामाकडे बघितलं. पोलिसांनी त्याला दाराबाहेर नेलं.

ताई समोरच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत होती. मग हलक्या आवाजात तिनं विचारलं, "बाकं वाजली ते हेच ना? तू लिहिलेलं?"

अंशतःराव म्हणाले, "होय. हे खरं आहे."